मुकं इंजिन

बस, भल्या माणसा, त्या टायरवर बस. तुझ्या गाडीचं गॅस्केट यायला अजून वेळ आहे, चहा मात्र निवायला लागलाय. पिशवी राहू दे तिथंच. ताडपत्रीखाली जुनं इंजिन आहे, त्यानं तुझ्या पिशवीपेक्षा पुष्कळ जड गोष्टी सोसल्यात. भंगारात का देत नाही म्हणून विचारतोस? सगळेच विचारतात. ऐक मग. या धुडानं माझ्या साडूची सीट वाचवली, आणि याच धुडानं एका माणसाचा जीव घेता घेता सोडला. गोष्ट खरी आहे. मी तिखटमीठ लावलंच तर आमची ही आत भाजी चिरत बसलीय, ती तिथूनच ओरडेल.

साडू म्हणजे काय ते तुझं लग्न झालं असेल तर तुला सांगायला नको. दोन सख्ख्या बहिणी, थोरली त्याच्या वाट्याला, धाकटी माझ्या. साडू म्हणजे एकाच विहिरीत पडलेले दोन रेडे. वर कोणी काढत नाही म्हणून एकमेकांना ढुशा देतात.

"ऐकतेय मी!"

बघ, म्हटलं नव्हतं?

तर माझ्या साडूला सगळे भोंगा म्हणतात. पोरवयापासून आवाजच तसा. कानात गुपित सांगितलं तरी पलीकडच्या आळीत दिवे लागायचे. धंदा ड्रायव्हरचा. दगडाच्या खाणीत गाडी चालवतो. खाली खड्ड्यात दगड भरायचा, चढावानं वर आणायचा आणि दगड फोडणाऱ्या क्रशरच्या तोंडात ओतायचा. जन्मभर हेच. मी त्या खाणीच्या गाड्यांचा मिस्त्री. म्हणजे घरी पण तोच समोर आणि कामावर पण तोच समोर.

आधी त्याच्याकडे जुनी गाडी होती. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. तिचं इंजिन म्हणजे हे, ज्याच्यावर तुझी पिशवी आहे. यात ना कुठला सेन्सर, ना डोकं चालवणारा डबा. पंप, पाइप, नोझल, संपलं. डिझेल दे, हवा दे, जळतं. धूर काळा, आवाज असा की दात हलावेत. भोंगा म्हणायचा, हिच्याशी बोलायला मला तोंड लागत नाही, नुसतं बसलो तरी कळतं. आणि खरंच, त्या चढावर कुठं कुठला गिअर टाकायचा हे त्यानं कधी मीटरच्या काट्याकडं बघून ठरवलं नाही. इंजिनाचा सूर जरा पडला, की याचा हात आपोआप गिअरवर.

मग म्हातारीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सडली. बाईंनी नवी गाडी आणली. बाई म्हणजे खाणीच्या मालकीण. बाई चांगली आहे, पण एकदा बोलली की बोलली. नवी गाडी छान. पांढरी शुभ्र, सीट गादीसारखी. इंजिन असं की चालू आहे का बंद, हे बोनेटवर हात ठेवून बघावं. सायलेन्सरमध्ये धूर गाळायची जाळी. जाळीत काजळी साठली की इंजिन स्वतःला तापवून ती जाळून टाकतं. माणसापेक्षा शहाणं.

आणि इथून सगळं बिघडलं. भोंगा नव्या गाडीत बसला आणि क्लच जळायला लागले. चढावर गाडी गचके खाऊन बंद पडायला लागली. जाळी सारखी भरायची, मग इंजिन रुसायचं, पिवळा दिवा लावून रांगत चालायचं. मागं बाकीच्या गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. भोंगा खाली उतरून टायरला लाथ मारायचा आणि म्हणायचा, "मुकं इंजिन आहे हे! बोलतच नाही! मुक्याबरोबर संसार कोण करेल?"

आमची ही म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी तिच्यावरच तापलो. माझ्या साडूला मी काय वाटेल ते म्हणेन, दुसऱ्यानं म्हटलेलं मला चालत नाही.

कंपनीचा माणूस आला. त्यानं गाडीला वायर जोडली, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसला, रेघा बघितल्या. म्हणाला, "गाडीत दोष नाही. ड्रायव्हर वरचा गिअर फार लवकर टाकतात आणि चढावर खालचा गिअर फार उशिरा टाकतात. इंजिन गुदमरतं, काजळी धरतं, म्हणून जाळी भरते."

भोंगा उसळला. "मी गिअर टाकायला लागलो तेव्हा हा पाळण्यात मुतत होता! हा मला गिअर शिकवणार?"

मी पण हसलो. कॉम्प्युटर घेऊन आलाय, म्हटलं, खाणीची धूळ खाल्ली नाही कधी. त्याचं बोलणं मात्र लक्षात ठेव हं.

तो गेल्यावर बाईंनी आम्हा दोघांना हापिसात बोलावलं. म्हणाल्या, "हे बघा, मला भांडण नको. आणखी एक क्लच जळला, तर ड्रायव्हर गाडीवरून उतरतील आणि काट्यावर बसतील." काटा म्हणजे भरलेल्या गाड्यांचं वजन होतं ती खोली. खिडकीत बसायचं, गाडीचा नंबर विचारायचा, वजन सांगायचं. सावलीतलं काम, पंखा आहे, खुर्ची आहे. दुसरा कोणी असता तर नाचला असता. भोंग्याचा चेहरा मात्र असा उतरला, जसं काही बाईंनी त्याला घरातून बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मिस्त्री, काहीतरी कर. मी काट्यावर मरेन."

"अरे पंखा आहे तिथं."

"पंख्याला घाल चुलीत. काहीतरी कर."

मी काय करणार होतो? म्हातारी शेडमागं उभी होती, पत्रा गंजून चाळण झालेला, पण आत हे इंजिन घोड्यासारखं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. नवं इंजिन काढायचं, जुनं बसवायचं. जाळी नाही, डबा नाही, रुसणं नाही. आणि खरं सांगू? मला पण ते जुनंच आवडायचं. नव्या इंजिनाचं झाकण उघडलं की मला लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखं व्हायचं.

बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "धुराचं काय?"

"धूर होईल, बाई. खोटं नाही सांगत."

"असली गाडी रस्त्यावर चालते?"

"नाही चालत. फाटकाबाहेर काढायची नाही. बाहेर दिसली तर धरतील, आणि धरायलाच पाहिजे. खाणीतल्या खाणीत फिरेल."

"आणि तरी क्लच जळला तर?"

"तर मी स्वतः जाऊन काट्यावर बसेन!" भोंगा ओरडला. टेबलावरची टाचणीची डबी हलली. बाईंनी कानावर हात ठेवून मान डोलावली.

अशी मजा आली, काय सांगू तुला. दोघं साडू एकाच कामाला, बनियनवर, हात कोपरापर्यंत काळे. चेनपुली लावून नवं इंजिन उचललं, झोपलेल्या पोराला उचलावं तसं. त्याच्या वायरींचा जुडगा एवढा, की म्हशीची आतडी बघितल्यासारखं झालं. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधून ठेवली. हिनं जुने कपडे फाडून दिले आणि म्हणाली, "परत लावायचं तर नाही, मग चिंध्या कशाला?" म्हटलं, सवय. मग हे जुनं धूड खाली सोडलं. कंपनी एकच, त्यामुळे गिअरबॉक्स जुळला. इंजिन टेकवायचं फाउंडेशन मात्र जुळेना, नवे पट्टे कापून वेल्डिंग मारलं. हे लांबीला चार बोटं जास्त, पंखा जाऊन रेडिएटरला टेकायला लागला, म्हणून रेडिएटर पुढं सरकवला. नव्या गाडीत अॅक्सिलरेटरचं पेडल म्हणजे नुसतं बटण, त्याला केबलच नाही. म्हातारीची केबल काढून, पत्र्याला भोक पाडून ओढून घेतली. हातपंपानं डिझेलमधली हवा काढली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, त्यांना वाटलं इंजिन मेलं. त्यांच्यावर काळी पट्टी चिकटवली.

थोरली, म्हणजे भोंग्याची बायको, आमची ताई, डबा घेऊन आली होती. बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्री, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं नका करू."

मी पान्याला जोर लावत म्हटलं, "ताई, तुम्हाला इंजिनातलं काय कळतं?"

तिनं डबा ठेवला आणि गेली.

स्टार्टर मारला. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग जे काही बोललं! शेडवरची कबुतरं उडाली. काळा लोट गेला तो थेट बाईंच्या हापिसाच्या खिडकीत. भोंगा सीटवर डोळे मिटून बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर पसरलेले, जसं कुणाच्या पाठीवर ठेवलेत. गालावरून पाणी. मी म्हटलं, "धूर गेला का डोळ्यात?" त्यानं उत्तर दिलं नाही. मला वाटलं आवाजात ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवसापासून गाडी अशी चालायला लागली की बघत राहावं. चढाव लोण्यासारखा. गिअर जिथल्या तिथं. क्लच थंडगार. लोकांनी तक्रारी केल्या, तो भाग वेगळा. क्रशरवरच्या बायका म्हणायच्या, आम्ही गोऱ्या आलो होतो. बाईंच्या खिडकीचा पडदा काळा झाला. पण बाई शब्दाला पक्क्या. गाडी चालतेय ना, मग चालू द्या.

आता क्रशरवर काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी उलटी न्यायची क्रशरच्या तोंडापर्यंत. मागचं काही दिसत नाही, डाला, म्हणजे दगड भरायचा मागचा हौदा, उंच, वर धुळीचा पडदा. कडेला एक आडवा ओंडका टाकलेला, चाकं त्याला टेकली की थांबायचं. ओंडक्याच्या बाजूला एक माणूस उभा असतो, गळ्यात शिट्टी. त्याला आम्ही शिट्टीच म्हणतो. उंच, बारीक, पोरीबाळींचा बाप. बारीक बारीक शिट्टी म्हणजे ये, ये. एक लांब शिट्टी म्हणजे थांब. खाणीतला नियम असा की लांब शिट्टी झाली की आधी ब्रेक मारायचा, विचार नंतर करायचा.

त्या दुपारी भोंगा गाडी उलटी घेत होता. शिट्टीनं लांब शिट्टी मारली. गाडी थांबली नाही. परत मारली. गाडी येतच राहिली. चाकं ओंडक्यावर चढली, ओंडका कडाडला. शिट्टी एका बाजूला लोखंडी कठडा आणि दुसऱ्या बाजूला डाला असा मधे सापडला. पळायला जागा नाही. त्यानं मुठी मारल्या डाल्यावर, काही उपयोग नाही. मग हाताला लागला तो दगड उचलून डाल्याच्या कडेनं पुढं फेकला, तो ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर बसला. आरसा फुटलेला दिसला, तेव्हा भोंग्यानं ब्रेक मारला. शिट्टीच्या छातीत आणि डाल्यात माझा हा तळहात आडवा बसला असता, तेवढी जागा.

माणसं धावली. शिट्टी खाली बसला आणि म्हणतो कसा, "फुंकून फुंकून शिट्टीच गिळणार होतो आज." भोंगा खाली उतरला. चेहरा पिठासारखा. म्हणाला, "ब्रेक लागला नाही."

बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मिस्त्री, ब्रेक तपासा. ब्रेकचा दोष असेल तर तुम्ही नीट करा. ब्रेकचा नसेल, तर ड्रायव्हर खाली उतरतील. उद्या सकाळी तुम्ही सांगाल ते खरं."

म्हणजे साडूची सीट आता माझ्या जिभेवर.

गाडी शेडमध्ये घेतली, इंजिन बंद केलं. मी खाली शिरलो, भोंगा वर सीटवर. हवेचा ब्रेक असतो, पेडल दाबलं की कुठं गळतं का ते कान लावून ऐकायचं. मी खालून ओरडलो, "दाब!" काही नाही. "अरे दाब!" काही नाही. म्हटलं, झोपला का काय. ओरडलो, "दाब रे बैला!" काही नाही. मग मी त्याला अशी एक शिवी दिली, जी मी तुला सांगणार नाही, कारण ही ऐकतेय. त्याच्या आईबापापासून सुरू होऊन त्याच्या सासऱ्यापर्यंत जाणारी. आता त्याचा सासरा तोच माझा सासरा, म्हणजे त्यात माझं पण नुकसान होतं.

वरून उत्तर नाही.

भल्या माणसा, मी त्या गाडीखाली गार पडलो. भोंग्याला एक शिवी दिली की तीन परत येतात, व्याजासकट. लग्नाच्या मांडवात पण त्यानं सोडली नव्हती. आणि इथं वर शांत. मी हळूच बाहेर आलो, पायऱ्यांवर चढून बघितलं. हा समोर बघत बसलेला, पाय पेडलवर तयार ठेवून. मी काय सांगतो याची वाट बघत होता.

मला बघून दचकला. "झालं का? दाबू का आता?"

"दाब," मी त्याच्या तोंडासमोर म्हटलं. त्यानं दाबलं. ब्रेक चोख होता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो मागच्या पायरीवर पाय धूत बसला होता, पाठ आमच्याकडे. ताई आत स्वयंपाकघरात. जेवायला बोलवायचं होतं त्याला. तिनं हाक मारली नाही. भिंतीवरचं बटण दोनदा खालीवर केलं. मागचा दिवा लुकलुकला आणि हा पाय पुसत उठला.

मी ताईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.

"कळलं एकदाचं?" ती म्हणाली. "फाटकातून गाडी आत आली तर कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगता. आणि मांडीला मांडी लावून बसणाऱ्याला ऐकू येत नाही, ते कळायला एवढा काळ लागला."

"तुम्ही बोलला का नाहीत, ताई?"

"यांनी शपथ घातली होती मला. तरी बोलले होते. म्हशीचं आणि पखालीचं. तुम्ही म्हणालात, तुम्हाला इंजिनातलं काय कळतं."

मला तिथंच जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. एवढा मोठा आवाज त्याचा, की बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो पहिल्यापासूनच मोठ्यानं बोलायचा ना!

भोंगा आत आला. आम्हा दोघांची तोंडं बघून समजला. आधी नेहमीसारखं. "मला सगळं ऐकू येतं! तुम्ही लोकच हल्ली पुटपुटता!"

मी तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघून म्हटलं, "तुझ्या ताटात उंदीर आहे."

"काय? समोर बघून बोल की."

ताई हसली. मग डोळ्याला पदर लावला. मग तो बसला खाली, भिंतीला टेकून.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं रे, की इंजिनच मुकं आहे," तो म्हणाला. "म्हातारीचं मला पायातून कळायचं, ढुंगणातून कळायचं. नवं आलं आणि एकदम सगळं शांत. गिअर कुठं टाकू तेच समजेना. नंतर कळलं, पण तोवर गावभर सांगून बसलो होतो."

"अरे मग काट्यावर बसायचं. त्यात काय मोठं?"

"काट्यावर?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा मीच बहिरा. "काट्यावर माणसं बोलतात, मिस्त्री. खिडकीतून, वाकून, घाईघाईत. मी दिवसभर काय, काय करत बसणार. दोन दिवसांत सगळी खाण हसेल. गाडीत माझ्याशी कोणी बोलत नाही. गाडीत मी आणि इंजिन."

मग मी त्याच्या समोर बसलो आणि विचारलं, "शिट्टी ऐकू येत होती?"

"नव्या इंजिनावर पुसट यायची. तेवढ्यावर भागवायचो." मग मान खाली घातली. "जुन्यावर नाही."

घे. म्हणजे मी माझ्या साडूला त्याचं इंजिन परत दिलं आणि शिट्टी काढून घेतली. त्या बिचाऱ्या शिट्टीवर गाडी त्यानं घातली असती, पण पाना माझा होता.

सकाळी दोघं हापिसात गेलो. वाटेत मी घोकत होतो, काय सांगू, कसं सांगू. ब्रेक म्हटलं तर सीट राहील, आणि कधीतरी एक माणूस जाईल. ब्रेक नाही म्हटलं तर हा जाईल, चालता बोलता. बाईंनी विचारलं, "बोला मिस्त्री, ब्रेक?" मी तोंड उघडलं आणि त्याच्या आधी हाच बोलला.

"ब्रेक ठीक आहे, बाई. माझे कान गेलेत."

एवढ्या हळू आवाजात बोललेला मी त्याला जन्मात ऐकला नव्हता. बाई पुढं वाकल्या, त्यांनाच नीट ऐकू आलं नाही. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

बाईंनी काळ्या पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आजपासून खाली उतरा. काट्यावर जाऊ नका, घरी जा. कानाच्या डॉक्टरकडं जा. यंत्र लावून या. मग परीक्षा होईल, आणि ती मी घेणार नाही. शिट्टीवाला घेईल. तो बसा म्हणाला तर बसायचं, नाही म्हणाला तर नाही. जीव त्याचा आहे."

यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं, दोन्ही कानांत एक एक. ताई सांगते, पहिल्या दिवशी तो घरभर फिरला आणि विचारत सुटला, हा कसला आवाज? तो कसला आवाज? ती म्हणाली, अहो, तुमच्याच चपलांचा. मग बराच वेळ चप्पल घालून काढून बघत होता.

परीक्षेच्या दिवशी सगळी खाण जमली. भोंगा सीटवर चढला, कानांत यंत्रं, छाती पुढं. स्टार्टर मारला. हे बोललं, आणि भोंगा किंचाळत बाहेर! दोन्ही कान धरून खाली बसला. "कानात खाण फुटली रे! बंद कर! कोणी घातला हा राक्षस इथं?"

मी म्हटलं, "मी."

यंत्र काढलं तर शिट्टी ऐकू येत नाही, यंत्र घातलं तर इंजिन सोसवत नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, पुन्हा?"

"पुन्हा, बाई."

परत चेनपुली, परत वेल्डिंग कापणं, रेडिएटर मागं. चिंध्या बघून बघून वायरी जोडल्या. ही दारात उभी राहून हसत होती, मी आपला मान खाली घालून पाना फिरवत होतो. भोंगा मदतीला होता, पण आता काही पडलं की दचकायचा आणि म्हणायचा, हळू, हळू, केवढ्यानं आपटतोस. मला! तो मला हळू म्हणाला!

नवं इंजिन बसलं. शिट्टीनं ओंडक्याजवळ जागा घेतली, आता गळ्यात शिट्टी आणि हातात लाल दिवा पण. त्यानं भोंग्याला सोडलं नाही. कधी जोरात फुंकली, कधी पाठ फिरवून हळूच, कधी क्रशर चालू असताना. भोंग्यानं आधी ब्रेक मारला, मग विचार केला. दर वेळी. शेवटी शिट्टी खिडकीपाशी गेला, वर बघून म्हणाला, "बस बाबा. पण आरसा मी फोडला असं कुठं सांगायचं नाही." भोंग्यानं वरून हात खाली केला, त्यानं तो धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

आता चढावर त्याचा गिअर वेळेवर पडतो. जाळी भरत नाही, पिवळा दिवा लागत नाही. कंपनीच्या त्या माणसाला मी फोन करून सांगितलं, तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, काका." काका म्हणाला. जरा लागलं, पण गिळलं.

एवढं झालं, आणि आता वेगळीच पीडा. याला सगळं ऐकू येतं. दर चार दिवसांनी गाडी घेऊन हजर. इथं टिकटिक होते, तिथं खरखर होते. आधी मी शोधून द्यायचो, कुठंतरी नट ढिला असायचाच. पण हल्ली म्हणतो, टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, बारीक शीळ वाजते. मी बघितलं. पान्याची दांडी कानाला लावून बघितलं, झाकण काढून बघितलं. मला काही ऐकू येत नाही. तो म्हणतो, अरे एवढी स्पष्ट वाजतेय. मी म्हणतो, नवे कान आहेत, लाड करतोस. शिट्टीला विचारलं, तो आपला बघत राहिला माझ्याकडं आणि म्हणाला, मिस्त्री, मला कामाला उशीर होतोय.

तो बघ, धूळ उडाली फाटकात. तोच असणार. एक काम कर माझं. चहा संपव आणि सहज पाय मोकळे करायला गेल्यासारखा जा. तो इंजिन चालूच ठेवतो. तुझे कान तरुण आहेत. बोनेटच्या उजव्या बाजूला जरा उभा राहा आणि नीट ऐक, शीळ वाजते का ते. जे असेल ते खरं सांग, माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नकोस. पण आधी मला सांग. त्याला नाही, आणि आत जी भाजी चिरतेय तिला तर मुळीच नाही. इथं माझ्या कानाशी ये, आणि जरा मोठ्यानं सांग.